दारातले पहारेकरी

मिरजेच्या दवाखान्यात सुहासच्या वीर्यतपासणीचा बंद लिफाफा त्याची आई, कुमुदिनीबाई, मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. लेकाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पाळणा हललेला नव्हता.

सुहास सात वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "वृषणात औषध पुरेसं शिरत नाही. तिथली काही प्रथिनं पहारेकऱ्यांसारखी ते बाहेर हाकलतात. आजार तिथे दडून राहू शकतो." मग रोज आंघोळ घालताना तिथे गाठ तर नाही ना, हे त्या चाचपून बघायच्या आणि पुटपुटायच्या, "मेल्यांनो, औषधाला आत सोडा की." दहाव्या वर्षी सुहास लाजून म्हणाला होता, "आई, पुरे आता."

डॉक्टरीणबाईंनी लिफाफा फोडला. त्या बराच वेळ वाचत राहिल्या, तशी सुनेने सासूचा हात धरला.

"शुक्रजंतू कमी आहेत, पण आहेत. उपचारांनी मूल होऊ शकेल. वृषणातल्या प्रथिनांनी तेव्हा कॅन्सरचं जहाल औषध बाहेर हाकललं, म्हणून बीजपेशी वाचल्या असाव्यात."

कुमुदिनीबाईंनी हात जोडले.

"अहो, मला कशाला नमस्कार?" डॉक्टरीणबाई संकोचल्या.

"तुम्हाला नाही हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "त्या मेल्यांना."