हक्कसोड

परतूरच्या कचेरीबाहेर वकिलानं इंग्रजी हक्कसोडपत्र वाचून दाखवलं, तसा केशरबाईचा शाई लावलेला अंगठा हवेतच थांबला. "वकीलसाहेब, 'रिलिंक्विश' म्हणजे काय वो?" "हक्क सोडणं, बाई. सोडला की परत मागता येत नाही." "समदेच?" "बापाच्या शेतातले सगळे." "आन् पंचमीला माहेरी यायचा?" वकील हसला. "तो हक्क कायद्यात कुठं असतो?" भाऊ सर्जेरावही हसला. "येडी का तू, केशर? मी हाय ना! लाव जल्दी." उद्या नागपंचमी होती; आज तिला भावाच्या आयुष्यासाठी धरलेला उपास होता. वडील गेल्यापासून तीन श्रावण तो गाडी जुंपून न्यायला आला, आणि दरवेळी अंगठ्याचं बोलला. आज अंगठा दिला, तर पुढल्या साली गाडी येईल? तिनं मूठ आवळली. "रागावू नगं, दादा," ती पुटपुटली, "अंगठा पुढल्या पंचमीला देते. न्यायला तेवढं ये."