कल्ल्यातून
वनिताने डॉक्टरांना बजावलं होतं, "दुर्बिणीनंच करा. पोरीचं पोट चिरायचं न्हाय." ती अलिबागच्या बाजारात मासळी विकायची. मसाला भरायचं पापलेट पोटाला सुरी न लावता, कल्ल्यातून बोट घालून साफ करायची. दहा वर्षांच्या लेकीचं, प्राप्तीचं अपेंडिक्सही तसंच, तीन बारीक भोकांतून, अलगद निघेल असं ती धरून चालली होती. पण ऑपरेशन चालू असतानाच डॉक्टर बाहेर आले. "आत फुटलंय, पू पसरलाय. दुर्बिणीनं साफ होणार नाही. पोट उघडावं लागेल." नवरा भिंतीला टेकला. वनिताने एकदा स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मासळीचं पित्त आत फुटलं की आमी पन पोट चिरतो. चिरा. फक्त आतून चांगलं धुवा." दार लागलं. ती बाकावर बसून पदराने हात पुसत राहिली. जन्मभराचा मासळीचा वास तिला आज पहिल्यांदाच सोसेना.