सिस्टरने पाठवलेला व्हिडिओ

सारजाबाईंच्या खोलीत पाऊल टाकताच केसरबाईंना तो वास आला. जास्त पिकलेल्या फळांसारखा, गोडसर. नर्सची नोकरी संपून बारा वर्षं झाली होती, पण साखर फार चढलेल्या पेशंटच्या श्वासाचा हा वास त्यांचं नाक विसरलं नव्हतं.

"अमृता, घरात फळं आणलीत का गं?"

"नाय, सिस्टर."

सारजाबाई खाटेवर पडल्या होत्या. श्वास खोल आणि भराभर चालला होता. ओठ कोरडे.

"साखरेचं इंजेक्शन कधी दिलं शेवटचं?"

"आठ दिस झाले की," सून म्हणाली. "तुम्हीच तर बंद करायला सांगितलं."

"मी?"

अमृताने मोबाइल पुढे केला. पांढऱ्या कोटातला माणूस कारल्याचा रस ढवळत सांगत होता, इन्सुलिन विष आहे, आजच सोडा. खाली कुणीतरी लिहिलं होतं : केसर सिस्टरने पाठवलाय, बिनधास्त करा.

केसरबाई खाटेच्या कडेला टेकल्या. व्हिडिओ त्यांनीच महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. वर त्यांनी लिहिलं होतं, की या माणसाचं नाव नाही, शिक्षण नाही, शेवटी पावडर विकायचा नंबर तेवढा आहे. असल्यांपासून सावध राहा. ते लिहिलेलं ग्रुपवरच राहिलं. व्हिडिओ पुढे गेला, आणि सोबत त्यांचं नाव.

पूर्वी केसरबाई लसीची पेटी घेऊन इथे पडेगावात यायच्या, तेव्हा बाया काही न विचारता लेकरं पुढे करायच्या.

सारजाबाईंनी डोळे किलकिले केले. "सिस्टर, आधीच सांगायचं ना वं. किती वर्सं फुकट टोचून घेतलं."

"रिक्षा बोलाव, अमृता. घाटी दवाखान्यात न्यायचंय. पळ!"

तेवढ्यात केसरबाईंचा फोन वाजला. पाचोडहून कुणी बाई बोलत होती. नंबर मंडळातून मिळाला म्हणाली.

"सिस्टर, लई उपकार झाले. आमच्या तनुजाचं इंजेक्शन कालपासून बंद केलं. नऊ वर्सांची हाय, सुई नाय म्हणून नाचायली पोरगी."

"आत्ताच्या आत्ता चालू करा! तो व्हिडिओ खोटा आहे. ऐकताय ना? लगेच डॉक्टरकडं न्या!"



"व्हिडिओत सांगितलंच हाय, घाबरवणारे लई भेटतील म्हणून," बाई सावकाश म्हणाली. "तुम्ही नक्की सिस्टरच बोलताय ना?"