एकतीस सह्या

काचेच्या कपाटात मॅन्युअलचे सतरा खंड होते, एक कुलूप होतं, आणि कपाटाला सुतळीने बांधलेली दोनशे पानी वही होती. वहीची अकरा पानं भरली होती.

अंबरनाथच्या त्या कारखान्यात संगणक खोलीची रीत अशी होती: कमांड अडली की सबनीस साहेबांकडे जायचं, वहीत सही करायची, मग साहेब कुलूप काढून हवं ते पान दाखवणार. तीच पानं मशीनमध्येही होती. पण पानाचं नाव अक्षरन् अक्षर बरोबर लिहिलं तरच उघडायची. नाव ठाऊक नसलं की पुन्हा वही.

शिकाऊ उमेदवारीचे सहा महिने आज संपत होते. सातही उमेदवार खुर्च्या वळवून बसले होते आणि साहेब सह्यांचा हिशेब वाचत होते.

"कुंदा, तेवीस. बाळा, सव्वीस. जनी, एकतीस." त्यांनी वही मिटली. "तिसाच्या वर विचारतो तो कच्चा. जनीबाई, सोमवारपासून येऊ नका."

कुंदाची कानशिलं तापली.

"साहेब, वहीतली शेवटची सही कधीची आहे तेवढं वाचा."

साहेबांनी नाखुशीने पान काढलं. "बारा एप्रिल शहाण्णव."

"आज अठरा मे. पाच आठवडे तुमच्याकडे कुणी फिरकलं नाही. का, ते विचारलंत कधी?"

उत्तराची वाट न पाहता ती टर्मिनलकडे वळली. 'मॅन' ही पान उघडायची कमांड लिहिली, पुढे नावाची फक्त पहिली दोन अक्षरं, आणि टॅब दाबला. त्या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या नऊ पानांची नावं पडद्यावर आली.

"हे मशीनमध्ये नव्हतं. जनीने लिहिलं, चार ओळींत. आमच्या सातही जणांच्या लॉगिनमध्ये तिनेच टाकलं. तिच्या एकतीसपैकी निम्म्या सह्या याच्याच पायी झाल्यात."

साहेब स्वतः खुर्चीत बसले. दोन अक्षरं, टॅब. दुसरी दोन अक्षरं, टॅब.

"सही करून दाबा, साहेब," मागून बाळा म्हणाला.

साहेबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. उठता उठता म्हणाले, "चांगलं आहे. हे राहू द्या. पण नियम तो नियम. एकतीस म्हणजे एकतीस."

जनी उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही.

"म्हंजे माझं डोकं ठेवून घ्यायचं, नि मला वाटेला लावायचं?"

"कंपनीच्या मशीनवर लिहिलंय ते."

"लिवलंय मी. पुसणार पन मीच."

तिने आपल्या लॉगिनमधल्या चार ओळी पुसल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आधी कुंदा उठली. जनीसमोरच्या टर्मिनलवर आपला पासवर्ड टाकून बाजूला झाली, आणि जनीने तिच्याही लॉगिनमधल्या ओळी पुसल्या. मग बाळा उठला. मग बाकीचे, एकेक करून. साहेब "अरे, थांबा" म्हणत होते. कुणी थांबलं नाही.

सगळं पुसायला साडेआठ मिनिटं लागली. मग कुंदाने एकेकाला पुन्हा लॉगिन करायला लावून तीच दोन अक्षरं लिहिली आणि टॅब दाबला. सात वेळा दाबला. सातही वेळा मशीन नुसतं वाजलं, पडद्यावर एकही नाव आलं नाही.