नवा हात

इंदूबाईंनी हात हिसडला आणि पेजेची वाटी येसाजींच्या मांडीवर उपडी झाली.

"तुमच्या हाताला काटे हायत का काय, बाबा?" सून हर्षला फडका घेऊन धावली. "आमी हात लावला तर आई नुसत्या दचकतात. तुमी लावला की पदर ओढून तोंडच फिरवतात. मी कशेळ्याच्या बाईला फोन करते. उद्यापास्नं तीच भरवील. तुमी आता लांबच बसत जा."

येसाजींनी तिच्या हातातला फडका घेऊन मांडी पुसली. कर्जतच्या डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले होते. तोच स्पर्श पुनःपुन्हा झाला की निरोगी मेंदू त्याची दखल घेणे सोडतो. अंगातल्या सदऱ्याचे भान आपणांस दिवसभर राहत नाही, ते त्यामुळेच. वार्धक्यात ही सवय मंदावते. स्मृतिभ्रंशात ती कधीकधी पुरती मोडते. माणूस सर्व काही विसरतो. त्याची कातडी मात्र विसरणेच विसरते. "आजींना प्रत्येक स्पर्श नवा असतो," असे डॉक्टर म्हणाले होते. येसाजींनी त्याचा एकच अर्थ मनाशी धरला होता. नवा म्हणजे परका.

"एकवार हात धरतो तिचा," ते म्हणाले. "मंग जातो भायेर."

त्यांनी हात धुतले, पुसले आणि पत्नीच्या हातावर आपला खरबरीत तळवा अलगद ठेवला. इंदूबाई दचकल्या. पदर कपाळावर आला. मान भिंतीकडे वळली. हर्षलाने सुस्कारा टाकून फोन कानाला लावला.

या खेपेस मात्र येसाजींनी हात मागे घेतला नाही.

"इंदे, माझा हात नकोसा झाला का गं तुला?"

इंदूबाईंनी दाराकडे चोरटी दृष्टी टाकली. पदराचे टोक दातांत धरले. मग त्या अगदी हळू पुटपुटल्या, "अवो, सोडा ना! सासूबाय बघतील. लगीन होऊन चार दिस नाय झालं, काय म्हनतील त्या?"

फोनमधून "हॅलो, हॅलो" असा आवाज येत राहिला. हर्षलाने तो न बोलताच बंद केला.

येसाजींच्या मातोश्रींना देवाघरी जाऊन कैक वर्षे लोटली होती. तरीही त्यांनी वाकून दाराबाहेर नीट पाहून घेतले. मग बायकोच्या कानाशी तोंड नेऊन तितक्याच हळू आवाजात ते म्हणाले, "आय शेतावर गेलीय. सांजेपातूर येत नाय."