गुडघ्याची वाटी

औशाच्या अर्जुनरावांची छोटी पॉमेरियन कुत्री टिल्ली पळता पळता मागचा पाय उचलायची, थोडं लंगडायची आणि पुन्हा चारी पायांवर धावायची. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या सरकतात, ऑपरेशन करून घ्या, असं लातूरच्या डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. कावेरीबाईंनी विषय काढला की अर्जुनराव एवढंच म्हणायचे, "बघू." तीस वर्षांच्या संसारात सगळं त्यांनीच ठरवलेलं, म्हणून कावेरीबाई गप्प बसायच्या.

आज सकाळपासून टिल्ली काही खाईना, पायही टेकवीना. "मला आडतीच्या दुकानावर काम हाय, तूच घेऊन जा," म्हणत अर्जुनराव घराबाहेर पडले.

लातुरात, माडीवरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढं केला. "नऊ वर्षांची आहे, भुलीचा थोडा धोका आहे. पण अजून थांबलात तर ती कायमची बसेल."

कावेरीबाई तीनदा दारापर्यंत जाऊन आल्या. फोन लावला, तर अर्जुनराव उचलेनात. शेवटी त्यांनीच सही केली. टिल्लीला आत नेलं.

तेवढ्यात अर्जुनरावांचा फोन आला.

"अहो, तुम्हाला न विचारता सही केली मी," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "आता ओरडू नका."

पलीकडून घोगरा आवाज आला, "बरं केलंस. माझ्यानं सही झाली नसती. मी खालीच हाय, जिन्यापाशी. मघापासून वर यायचा धीर होईना."