वर बसणाऱ्याची चूक

पुण्याहून अमरावतीला आलेले जयसिंग सर ड्रेसाज शिकवत, म्हणजे न मारता, न ओरडता, नुसत्या मांडीच्या दाबाने आणि हलक्या लगामाने घोड्याला डौलात चालवण्याची कला. घोडीला ते 'राणी' म्हणत आणि शिकणाऱ्यांना 'गाढवांनो'.

"घोडी चुकली, तर चूक कोणाची?" ते रोज विचारत.

"वर बसणाऱ्याची!" सगळे शाळकरी पोरांसारखे एका सुरात म्हणत.

अकोटची गीतांजली स्पर्धेत उतरायचं म्हणून महिनाभर पहाटेपासून मैदानावर झटत होती. निवडीच्या दिवशी घोडी छान वळत असताना सर मागून एकदम खेकसले, "पाठ सरळ!" गीतांजली दचकली, लगाम ओढला गेला आणि घोडी बिचकून रिंगणाबाहेर गेली.

"नाव काढा हिचं!" सर सगळ्यांदेखत कडाडले. "कापूस वेचायचे हात हे, यांना लगाम काय कळणार?"

"सर, मी दचकली, काहून का तुमी..."

"काहून नाही, कारण! आधी मराठी शिक, मग घोडी."

सगळे हसले. गीतांजली खाली उतरली. तिने घोडीची मान थोपटली आणि लगाम सरांच्या हातात दिला.



"घोडीची चूक वर बसनाऱ्याची, कबूल. मंग माही चूक कोनाची, सर? महिन्याभरापासून तुमी तं माह्याच डोक्यावर बसून राहिले!"